तिसरी हॅच

दुसऱ्याच्या घरात जाऊन त्याच्या छताला भोक पाडायचं आणि ते त्याच्याच भल्याचं आहे हे त्याला पटवून द्यायचं, असल्या कामाला जिभेवर साखर लागते. बेंजामिन झिराडकरच्या जिभेवर ती कधीच नव्हती. तो गॅसचा माणूस. लंडनच्या हाउन्सलो भागात आणि त्याच्या आसपासच्या पट्ट्यात, घर आणि नळाचं पाणी तापवणारे बॉयलर बसवण्यात आणि दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली होती, आणि बॉयलरशी बोलावं लागत नाही हे त्याला त्या धंद्यातलं सगळ्यात मोठं सुख वाटे. मझल, त्याची बायको, चारचौघांत सांगायची की यांनी माझ्याऐवजी बॉयलरशी लग्न केलं असतं तर दोघंही सुखी झाली असती.

पण दोन हजार आठ साल सरता सरता हे नवं काम निघालं. त्याआधीच्या काही वर्षांत बांधलेल्या बऱ्याच फ्लॅटांमध्ये बिल्डरांनी बॉयलर स्वयंपाकघरातल्या कपाटात दडवला होता, आणि त्याच्या धुराचा पाइप खोट्या छताच्या वरून, पॅसेजवरून, बेडरूमवरून नेऊन पार पलीकडच्या भिंतीतून बाहेर काढला होता. छत कसं पांढरंशुभ्र, गुळगुळीत. आत पाइपाचे सांधे धड आहेत की निखळलेत, हे बघायची सोय मात्र कुणी ठेवलेली नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची. सांधा सुटला तर धूर खोलीत उतरतो, आणि त्यातल्या विषारी वायूला ना रंग ना वास. त्यात माणूस दगावला तेव्हा सगळ्यांना जाग आली. छताला ठिकठिकाणी हॅच पाडा, म्हणजे उघडता येईल असं चौकोनी झाकण बसवा, आत बघा, आणि पाइप या टोकापासून त्या टोकापर्यंत डोळ्यांनी पाहून होत नाही तोवर बॉयलर बंद करायला सांगा, असा एकंदर दंडक झाला.

हाउन्सलोमधल्या एका मोठ्या इमारतीची व्यवस्था पाहणाऱ्या कंपनीने तिथलं काम बेंजामिनला दिलं. ऐन थंडीत लोकांना बॉयलर बंद करा म्हणून सांगायचं, म्हणजे शिव्या खाण्याचंच कंत्राट. बेंजामिनने त्या मुकाट्याने खाल्ल्या. नियमाच्या बाबतीत तो मागे हटणारा नव्हता. तान्ह्या मुलाची आई रडली तरी त्याने बॉयलर बंद केला होता, आणि संध्याकाळी स्वतःच्या घरचा विजेचा हीटर तिला नेऊन दिला होता.

तो मूळचा अलिबागकडचा, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू. आजोबांचा तेलाचा घाणा होता, तो शनिवारी बंद असे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. तरुणपणी तो मुंबईत नळाचं काम शिकला आणि मझलशी लग्न करून लंडनला आला. देवाचं नाव घरात हिब्रूत घेतलं जाई, गिऱ्हाइकाशी इंग्लिशमध्ये बोललं जाई, पण भांडणं, लाड आणि ताटातल्या सरंग्याची तारीफ, हे सगळं मराठीत. मझल दोनेक वर्षांपूर्वी गेली आणि घरातली मराठी तिच्याबरोबर गेली. मुलगी तमार ग्लासगोला डॉक्टर होती. तिला मराठी कळे, पण बोलायला गेली की तो, ती आणि ते यांची खिचडी होई, म्हणून लाजून ती इंग्लिशवर येई. मझलची बहीण इस्राएलला जाऊन राहिली होती. ती फोनवर अर्धं हिब्रू बोले आणि उरलेलं अर्धं तिला ऐकू येत नसे.

गेलेल्या माणसाची आठवण येते हे कुणालाही कळतं. पण बायकोची आठवण येता येता तिच्या शब्दांचीही भूक लागते, हे बेंजामिनला कुणी सांगितलं नव्हतं. व्हॅन चालवताना त्याला मध्येच 'वेंधळा' आठवे, 'निगुतीने' आठवे, 'चकाट्या पिटणे' आठवे. मझल हे सगळं त्यालाच उद्देशून म्हणायची. आता ते म्हणायला कुणी नव्हतं आणि ऐकून चिडायलाही कारण उरलं नव्हतं. एकदा सिग्नलला थांबला असताना तो आपल्याशीच मोठ्याने 'वेंधळा कुठला' म्हणाला आणि शेजारच्या गाडीतल्या बाईने काच वर केली.

मग तो मराठी माणसांत का गेला नाही? गेला होता की. मझल गेल्यावर पहिल्या दिवाळीला तो मुद्दाम एका मराठी कार्यक्रमाला गेला. फराळाच्या रांगेत एका सद्गृहस्थांशी बोलणं निघालं. चार वाक्यं झाली आणि त्या गृहस्थांनी याचं नाव विचारलं. नाव ऐकल्यावर त्यांचा चेहरा उजळला. ते म्हणाले, वा, तुम्ही मराठी फारच छान बोलता हो, कुठे शिकलात? मग त्यांनी बायकोला हाक मारून बोलावलं आणि तिलाही ऐकवलं. बेंजामिनने हातातली करंजी संपवली आणि तो घरी आला. त्यात वाईट काय, असं कुणी म्हणेल. त्यांनी कौतुकच केलं होतं. पण स्वतःच्या घरात शिरताना आपल्याला कुणी 'या, या, लाजू नका' म्हणावं, तसं त्याला झालं. पुन्हा काही तो गेला नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटची बेल त्याने वाजवली ती जानेवारीत. दार एका तरुणाने उघडलं आणि पाठोपाठ आतून बाईमाणसाचा आवाज आला, "अरे शार्दूल, त्याला म्हणावं आधी पाय पूस." शार्दूलने त्याचं सभ्य इंग्लिश करायच्या आत बेंजामिनचे बूट पायपुसण्यावर घासून झालेसुद्धा होते. हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

शार्दूल आणि त्याची बायको अक्षया पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीतर्फे इथे आलेले. शार्दूलची आई, सुमनताई, साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेली. बेंजामिनच्या छातीवरच्या बिल्ल्यावर नुसतं 'बेन' लिहिलेलं होतं, त्यामुळे तो कुठला यावर त्याच्यासमोरच चर्चा झाली. शार्दूल म्हणाला, हा गोव्याचा असणार. अक्षयाने मॉरिशसच्या बाजूने कौल दिला. सुमनताईंनी वाद मिटवला, "कुठला का असेना, माणूस घरंदाज आहे. न सांगता पाय पुसले."

तिथेच बोलून टाकायचं होतं. ओठांवर आलंही होतं. पण त्याने ते गिळलं. आता तोंड उघडलं की पुन्हा तेच, कुठे शिकलात. आणि ते नाही विचारलं तरी ही मंडळी सावरून बसतील, पाहुण्यासमोर बोलावं तसं इस्त्रीचं बोलतील. त्याला इस्त्रीचं नको होतं. त्याला घरातलं, चुरगळलेलं, रोजच्या वापरातलं हवं होतं. म्हणून तो शिडी घेऊन बॉयलरच्या कपाटाशी गेला आणि मोठ्या भक्तिभावाने कामाला लागला.

मुलगा-सून कामावर गेली की घरात सुमनताई आणि शिडीवर बेंजामिन. सुमनताईंचं तोंड क्षणभर मिटत नसे. त्या कुकरला दम देत, खिडकीतून दिसणाऱ्या मांजराची विचारपूस करत, सुनेच्या मायक्रोवेव्हचा उद्धार करत. साताऱ्याच्या बहिणीला फोन लावून गुडघ्यांपासून गल्लीतल्या लग्नांपर्यंत सगळं बोलत. आणि याला कळत नाही म्हटल्यावर त्या याच्याशीही मोकळेपणाने बोलत. "तुझं बरं आहे बाबा," त्या खालून म्हणत, "वर डोकं घातलंस की खालची कटकट नाही." चहाच्या वेळी त्या साखरेचा डबा दाखवत आणि बोटं वर करत, तो दोन बोटं दाखवे, आणि त्या पुटपुटत, "मधुमेह होईल मेल्या." छतात डोकं घातलेला बेंजामिन अंधारात हसे. मधुमेह त्याला होऊन कैक वर्षं झाली होती.

असं सुख लाभल्यावर काम लवकर कोण संपवतो? पहिली हॅच स्वयंपाकघरात झाली, दुसरी पॅसेजमध्ये. एरवी हे सगळं एका दिवसात उरकणारा माणूस कडा घासत बसला, झाकणाला दुसऱ्यांदा रंग देऊन गेला, मग रंग वाळला का तेही बघायला आला. तिसरी हॅच पाडायची होती ती मागच्या छोट्या बेडरूममध्ये, भिंतीतल्या कपाटाच्या वर. सुमनताई त्याच खोलीत झोपत. कपाटात छतापर्यंत बॅगा कोंबलेल्या होत्या. शार्दूल म्हणाला, आत्ता काढून देतो, अर्ध्या तासाचं काम. बेंजामिनने मान हलवली. घाई नाही, पुढच्या आठवड्यात बघू, असं तो म्हणाला.

आणि तोवर बॉयलर? नियम काय सांगतो ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं! पण बॉयलर बंद करायला सांगितला असता तर शार्दूलने त्याच मिनिटाला बॅगा बाहेर काढल्या असत्या, तासाभरात सारं काम आटोपलं असतं, आणि या घराची बेल वाजवायला बेंजामिनकडे काही कारण उरलं नसतं. दोन हॅचमधून दिसलेले सांधे पक्के होते. बसवणारा कारागीर चांगला होता, तिसरा सांधाही त्यानेच बसवला असणार. अशी त्याने मनाची समजूत घातली. चोराच्या मनात चांदणं, म्हणून त्याने विषारी वायू मोजायच्या यंत्राने त्या खोलीतली हवाही तपासली. पण कामासाठी बॉयलर सकाळपासून बंद होता आणि धूळ जावी म्हणून खिडक्या सताड उघड्या होत्या. आकडा शून्यावर राहिला. निघताना त्याने बॉयलर चालू करून दिला.

त्याच दिवशी, पॅसेजमधल्या झाकणाचे स्क्रू पिळत असताना, त्याने सुमनताईंना बहिणीशी बोलताना ऐकलं. त्या सांगत होत्या, "सकाळी उठलं की डोकं नुसतं भणभणतं बघ. मळमळतं. खाली बागेत एक चक्कर मारून आलं की उतरतं. इथली थंडी बाधली, दुसरं काय."

बेंजामिनचा हात थांबला. भणभणतं! मझलचा शब्द. तो घरात ड्रिल लावायचा तेव्हा ती कानावर हात ठेवून म्हणायची, पुरे करा, डोकं भणभणलं माझं. किती काळाने कानावर पडला तो. त्याने तो शब्द आवळ्यासारखा गालात धरून ठेवला, व्हॅनमध्ये बसल्यावर दोनदा मोठ्याने म्हणून पाहिला, आणि त्या संध्याकाळी तो पुष्कळ दिवसांनी शीळ घालत घरी आला.

फेब्रुवारी लागला आणि लंडनवर बर्फ कोसळला. थोडाथोडका नाही. शाळा बंद, बसगाड्या बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. सोमवारी सकाळी बेंजामिन जवळच आयझलवर्थला आपल्या घरात खिडकीशी चहा घेऊन बसला होता, तेवढ्यात तमारचा फोन आला.

"डॅड, तू ओके आहे ना? न्यूजवर लंडन सगळी बंद दाखवतात."

तो ठीक होता. तिचाच आवाज बसलेला वाटला. तिने सांगितलं की सलग ड्युट्या झाल्यात, सकाळपासून डोकं दुखतंय. तो लाडात येऊन म्हणाला, "भणभणतंय का?"

"व्हॉट? ममी म्हणायची ते. पण एक्झॅक्टली मीन काय होतो?"

त्याला बरं वाटलं. लेकीने आपणहून शब्द विचारला होता. तो तिला तिच्या भाषेत समजावू लागला. "म्हणजे बघ, मॉर्निंगला उठल्यावर हेड एकदम हेवी. सिक फील होतं. मग जरा बाहेर हवेत गेलं की..."

सकाळी जड डोकं, मळमळ, बाहेरच्या हवेत उतार. गॅसच्या माणसाला पहिल्या वर्गात शिकवतात ते हेच. इंग्लिशमध्ये कुणी सांगितलं असतं तर तो शिडीवरून उडी मारून खाली आला असता. मराठीत सांगितलं म्हणून तो ऐकत बसला, गाणं ऐकावं तसं. तमार पलीकडून डॅड, डॅड करत होती. त्याने फोन ठेवला.

आज तर घराघरात बॉयलर पहाटेपासून धडधडत असणार. खिडक्या घट्ट. आणि बागेतली चक्कर नाही.

शार्दूलचा मोबाइल बंद होता. अक्षयाचाही. त्याला आठवलं, शनिवार-रविवारसाठी दोघं ब्रिस्टलला मित्राकडे जाणार होती, आई गुडघ्यांमुळे नको म्हणाली होती. म्हणजे गाड्या बंद पडून ती दोघं तिकडेच अडकली होती. त्याने घरचा नंबर लावला. बराच वेळ वाजल्यावर फोन उचलला गेला. आवाज जड होता, झोपेत असल्यासारखा. "हॅलो. सन नो होम. इव्हिनिंग."

"ताई, फोन ठेवू नका," बेंजामिन म्हणाला. त्या दिवाळीनंतर परक्या माणसाशी बोललेलं त्याचं हे पहिलं मराठी वाक्य. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "मी बेन. बॉयलरवाला."

"तो शिडीवरचा?"

"हो, तोच. मी सांगतो तेवढं करा. आधी खिडकी उघडा."

"तुम्ही मराठी..."

"ते मागाहून. खिडकी."

"मला जरा पडू दे हो. झापड येतेय डोळ्यांवर."

"पडायचं नाही," तो ओरडला. "अजिबात पडायचं नाही. उठा. मेलात तर पोराला काय सांगू मी?"

हे असं कुणाशी बोलायचं असतं का? पण तेच लागू पडलं. धडपडल्याचा आवाज आला, खिडकी सरकली, वारा फोनमध्ये घोंगावला. त्याने त्यांना स्वयंपाकघरातलं बॉयलरचं लाल बटण बंद करायला लावलं, अंगावर सापडेल ते घ्यायला लावलं, दार उघडं टाकून जिन्यात जायला आणि समोरच्यांचं दार वाजवायला सांगितलं. मग फोन खाली ठेवल्याचा आवाज आला आणि पुढे नुसता वारा. त्याने अँब्युलन्सला कळवलं, गॅसच्या तातडीच्या नंबरला कळवलं, यंत्र खिशात टाकलं आणि बर्फात उतरला.

व्हॅन गल्लीच्या बाहेर पडेना. तो चालत निघाला. वाटेत दोनदा घसरून पडला. लायसन जाईल, बोभाटा होईल, कदाचित कोर्ट, हे सगळं त्याला दिसत होतं आणि त्यातल्या कशाचंच त्याला काही वाटत नव्हतं. फक्त एक सारखं डोक्यात होतं, की ती बाई जिन्यात पोचली का. त्यांच्यात अडल्यानडल्याला एलियाहू हन्नवी या नबीला मलिद्याचा नवस बोलतात, गोड पोहे, खोबरं, पाच फळं. मझल गेल्यापासून त्याने मलिदा केला नव्हता, तिच्यावाचून तो करावासा वाटला नव्हता. आता हाउन्सलोच्या पांढऱ्याफटक रस्त्यावर, शाळकरी पोरं बर्फाचे गोळे फेकत असताना, तो मोठ्याने म्हणाला, "नबीबाबा, हिला वाचव, करीन मलिदा."

सुमनताई जिन्यात होत्या. शार्दूलचा भलामोठा कोट, पायात दोन जोड मोजे, मांडीवर समोरच्या पोलिश मुलीने दिलेलं पांघरूण. अँब्युलन्सची माणसं त्याच्या आधी पोचली होती. त्यांनी नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला होता आणि खाली न्यायला चाकाची खुर्ची आणायला ती गाडीकडे गेली होती. सुमनताईंचा चेहरा पांढरा पडला होता, पण डोळे लख्ख उघडे होते. बेंजामिनला बघताच ते आणखी मोठे झाले. तो त्यांच्याकडे न थांबता आत गेला. बाहेरच्या खोलीची खिडकी उघडी होती, पण बंद राहिलेल्या छोट्या बेडरूमच्या दारातच यंत्र किंचाळायला लागलं. त्याने गॅस मीटरपाशी बंद केला, श्वास रोखून बॅगा बाहेर ओढल्या आणि हातोड्याने कपाटावरचं छत फोडलं. तिसरा सांधा निखळून वीतभर खाली लोंबत होता. त्याखाली आधाराची पट्टी कुणी मारलेलीच नव्हती. पाइपाचं तोंड बरोबर सुमनताईंच्या उशीच्या दिशेला. चांगला कारागीर म्हणे.

तो बाहेर आला आणि त्यांच्यापासून दोन पायऱ्या खाली बसला. सुमनताईंनी मास्क खाली ओढला.

"सगळं कळत होतं तुम्हाला?"

"हो."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो, ताई. मराठीच आहे मी. झिराडचा."

आता त्या लाजतील, असं त्याला वाटलं. सुनेबद्दल काय बोलल्या, गुडघ्यांबद्दल काय, ते आठवून चिडतील, चोरून ऐकलंत म्हणतील. त्या चिडल्या खऱ्या, पण भलत्याच गोष्टीवर. त्यांचा आवाज चढला, मास्क हनुवटीवर हिंदकळू लागला.

"अहो, दिवाळी झाल्यापासून मी या घरात भिंतींशी बोलतेय. पोरं सकाळी जातात, रात्री दमून येतात, दोन शब्द बोलतात आणि झोपतात. खाली बाकावर बायका बसतात, त्यांना माझं कळत नाही, मला त्यांचं कळत नाही. कुकरशी बोलते मी, कुकरशी! वेड लागायची वेळ आली. आणि तुम्ही तिथे वर डोकं घालून सगळं ऐकत होतात? एकदा नुसतं 'हं' म्हटलं असतंत तर जीभ झडली असती का तुमची?"

बेंजामिन खाली मान घालून बसला. भूक आपल्या एकट्यालाच आहे असं तो धरून चालला होता. त्या घरात दोघं उपाशी होती आणि वाढायचं ताट याच्या हातात होतं, हे त्याच्या टाळक्यात शिरलंच नव्हतं. सुमनताई बोलतच होत्या. आगाऊ म्हणाल्या, घुम्या म्हणाल्या, इतकी वर्षं देशाबाहेर राहून माणुसकी विसरलात का म्हणाल्या. मझल गेल्यापासून त्याला मराठीत कुणी रागावलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते पुसायचंही त्याला सुचेना.

पण खरं अजून सांगायचं होतं. ते न सांगताही चाललं असतं, हे त्याला कळत होतं. या बाई त्याला आपला जीव वाचवणारा समजत होत्या. रागावून झाल्या की त्या त्याला घरी बोलावतील, जेवायला वाढतील, त्याच्या मझलबद्दल विचारतील. त्याला जे जे हवं होतं ते सगळं दोन पायऱ्या वर बसलं होतं, आणि एक वाक्य बोललं की ते जाणार होतं. खाली चाकाची खुर्ची दारात आपटल्याचा आवाज आला.

"ताई," तो म्हणाला, "ते कपाटाचं काम त्याच दिवशी होण्यासारखं होतं. शार्दूल बॅगा काढून देत होता. मीच नको म्हटलं. बॉयलर बंद करायला हवा होता, तोही केला नाही. तुमच्या डोक्याचं तुम्ही बहिणीला सांगितलंत, तेही मी ऐकलं होतं. भानावर नव्हतो मी. मी तुमच्या मुलाला हे सांगणार आहे आणि कंपनीलाही सांगणार आहे, पण आधी तुम्हाला."

समोरची पोलिश मुलगी दारात उभी होती, तिला यातलं अक्षर कळत नव्हतं, तरी ती दोघांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने बघत होती.

"का पण?" सुमनताईंनी विचारलं.

"ते काम संपलं असतं तर परत यायला कारण नव्हतं. घरात मराठी बोलायला कुणी नाही. तुम्ही बोलत होतात, ते मला ऐकायचं होतं."

माणसं खुर्ची घेऊन वर आली. त्यांनी सुमनताईंना दोन्ही बाजूंनी धरून उठवलं, खुर्चीत बसवलं, पट्टा आवळला, पांघरूण खोचलं. मोठ्या दुखण्यातून उठल्यासारखा त्यांचा चेहरा थकला होता आणि त्यावर राग होता की आणखी काही, हे बेंजामिनला कळेना. तो भिंतीला चिकटून उभा राहिला, वाट द्यायला. खुर्ची त्याच्यासमोर आली तेव्हा त्यांनी हात वर करून त्या माणसांना थांबवलं.

"अहो, त्याला कारण लागतं होय?" त्या म्हणाल्या. "नुसतं यायचं होतंत. चहाला."